इंजिनानं प्यायलेला नारळ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही तर राहू द्या, हसणारच तुम्ही! माझी बायको सुनंदा तर अजून भाकरी थापता थापता मधेच हसत सुटते.

मी सुरतेत लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, फिटर. बावीस वर्षं झाली. लूम अडला, की नुसत्या आवाजावरून सांगतो काय बिघडलंय. त्यामुळं आमच्या जुन्या गाडीचं इंजिन धूर ओकायला लागलं, तेव्हा मी छाती फुगवून जाहीर केलं, "गॅरेजवाल्याचं घर कशाला भरायचं? इंजिन मी बदलणार. इथंच, कोसाडला, बिल्डिंगच्या खाली!"

घाई होती हो. पंधरा दिवसांवर मेहुण्याचं लग्न, अमळनेरला. आणि सुनंदानं माहेरी फोन करून सांगून टाकलेलं, की आम्ही स्वतःच्या गाडीनं येतोय. साड्यांना टिकल्या चिकटवून जमवलेले पैसे तिनं माझ्या हातावर ठेवले नि म्हणाली, "माहेरी मले मान खाली घालाले लावू नका."

मग वही काढली. सेकंडहँड इंजिन, टेम्पोचं भाडं, क्लच प्लेट, ऑइल, नवे प्लग, आरटीओची नोंद. सगळ्यात शेवटी लिहिलं, नारळ एक. असा बारीक विचार करणारा माणूस मी!

इंजिन मिळालं कामरेजला, कांतीकाकांच्या भंगारात. त्यांनी ते सुरू करून दाखवलं, आपले जुने प्लग काढून घेतले आणि तिन्ही भोकांत साडीच्या चिंध्या कोंबल्या.

"भाई, आ काढता नहीं. नवा प्लग नाखो त्यारे ज काढजो."

म्हणजे नवे प्लग बसवेपर्यंत चिंध्यांना हात लावू नका. मी गालातल्या गालात हसलो. बावीस वर्षांच्या फिटरला शिकवतात!

घरी इंजिन उतरवलं. सगळी बिल्डिंग गोळा झाली. सुनंदा पूजेचं ताट घेऊन आली. पूजेचा फोटो अमळनेरला जाणार होता, आणि इंजिनाच्या डोक्यावर त्या मळक्या चिंध्या! कसं दिसतं ते?

मी उपटल्या.

"अहो, काकांनी सांगितलंय ना, काढू नका?" सुनंदा म्हणाली.

"पूजेत चिंध्या? काहीतरीच!"

हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि नारळ थेट इंजिनाच्या माथ्यावर फोडला. चांगला पाणीदार निघाला. बघतो तर काय, फरशीवर फारसं पाणीच नाही!

"बघितलं?" मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. "देवानं गोड मानून घेतलं!" आणि लगेच तिन्ही नवे प्लग घट्ट आवळून टाकले.

आठ दिवस राबलो. इंजिन गाडीत बसलं. चावी फिरवली. टक्!

पुन्हा फिरवली. टक्! बस, पुढं काही नाही.

बॅटरी गेली असेल म्हणून नवी आणली. टिकल्यांचे उरलेले पैसे त्यात गेले. तरी टक्! लग्न दोन दिवसांवर. सुनंदा नुसती भरलेल्या बॅगांकडं बघत होती. आणि मी घाबरलो, की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. कांतीकाकांना फोन लावला.

"जाम इंजिन गळ्यात मारलंत! लाज वाटते का? या इथं आणि पैसे परत करा!"

बिचारे स्कूटरवरून आले. मी सगळ्यांदेखत पुन्हा तोंडसुख घेतलं. त्यांनी शांतपणे तिन्ही प्लग काढले आणि म्हणाले, "हवे मारो चावी."

सुनंदानं चावी मारली. मी प्लगच्या भोकांवर वाकून बघत होतो.

फस्स! पिचकारी उडाली ती थेट माझ्या तोंडावर. मिशीत पिवळे तांदूळ. आणि वास? आठ दिवस मुरलेल्या नारळपाण्याचा, अस्सल ताडीचा! गुजरातेत, दारूबंदीत, भर दुपारी! गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, इंजिन पिऊन पडलं होतं!"

कांतीकाकांनी माझ्या मिशीतला एक दाणा चिमटीत धरला. "भाई, एन्जिन मारुं. आ खीचडी तमारी." म्हणजे इंजिन माझं, पण ही खिचडी तुमची!

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काकांनी दोन तास खपून आत पिस्टन अडवून बसलेलं पाणी नि तांदूळ सगळं साफ केलं, ऑइल बदललं, इंजिन सुरू करून दिलं आणि एक रुपया घेतला नाही. जाताना फक्त एक चिंधी माझ्या खिशात कोंबली.

तर आम्ही गाडीनंच गेलो अमळनेरला! सुनंदा पुढच्या सीटवर अशी ताठ बसलेली, की विचारू नका. दारात सासूबाई ताट घेऊन उभ्याच. ताटात हळद, कुंकू, अक्षता आणि हा एवढा मोठा नारळ.

"जावईबापू, ते बोनेट उघडा. नवीन इंजिन शे ना!"

माझा जीवच गेला. धावत जाऊन बोनेटवर आडवा पडलो. "आई, पाया पडतो, इंजिनावर नको! फोडायचाच तर माझ्या डोक्यावर फोडा!"

सासूबाई गोंधळल्या. सगळं वऱ्हाड बघायला लागलं. तेवढ्यात सुनंदा गाडीतून उतरली, पदर सारखा केला नि म्हणाली,

"फोड वं माय, डोक्यावरच फोड, बिनधास्त! तठे आत बिघडी जाई असं काहीच नही."