ग्रुपला मी चॅनेल म्हटलं

मी एक ग्रुप काढला आणि त्याला चॅनेल म्हटलं. माझ्या बाकीच्या मूर्खपणांवर घरात अजून खो खो हसतात. यावर कुणी हसत नाही. म्हणून मीच हसून घेते, जमेल तेवढं.

तेव्हा मी लहान होते. जेमतेम अडुसष्टची. शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून विणकामाचे व्हिडिओ टाकायचे. दोन सुलट, दोन उलट, आणि मधेमधे टोमणे. "अगं, हा स्वेटर आहे की मासे धरायचं जाळं?" असं मी कधी न पाहिलेल्या बायकांना विचारायचे आणि त्या खाली बदाम पाठवायच्या. फॉलोअर वाढत गेले तशी मी शेफारत गेले.

"काकू, मेसेजचं चॅनेल काढा ना, नमुने सापडत नाहीत मागचे," असं बायका म्हणू लागल्या. परगावी असलेला मुलगा म्हणाला, "आई, मी आलो की करून देतो." त्याचा मला राग आला. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, मला एक बटण दाबता येणार नाही? चॅनेल म्हणजे काय ते मी वाचलं होतं. आपण बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. असा संसार मला पहिल्यापासूनच हवा होता. फक्त शोधताना 'नवीन ग्रुप' हे बटण आधी दिसलं आणि मी तेच दाबलं. नावात काय एवढं, असं तेव्हाच्या त्या शहाणीला वाटलं.

मग मी पेजवर जाहीर केलं, "चॅनेल काढलंय. लिंकवर टिचकी मारा. तुम्ही लिहिलेलं फक्त मला दिसेल." आणि आत पहिला मेसेज टाकला, तोही हळदीकुंकवाला बसल्यासारखा: "चला, ओळख करून द्या. नाव काय, माहेर कुठलं, सध्या कुठे राहता, मुलंबाळं काय करतात?" विणकामाशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. पण माहेर कळल्याशिवाय बाई कळत नाही अशी माझी समजूत होती.

धडाधड उत्तरं आली. एकीला तिची शाळेतली मैत्रीण सापडली, दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या. आता, लिहिलेलं फक्त मला दिसत असेल तर त्या एकमेकींशी कशा बोलत होत्या? हा प्रश्न गणिताच्या बाईंना पडला नाही. मला वाटलं, काय योगायोग!

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकीचं उत्तर आलं. ही मुलगी मला आधीपासून वेगळं, खाजगीत लिहायची. नवऱ्याचा हात चालायचा, म्हणून सात वर्षांच्या लेकीला घेऊन ती घर सोडून आली होती. सासरी कुणालाच पत्ता ठाऊक नव्हता. लेकीसाठी पहिलाच स्वेटर विणत होती. माझ्यावर विश्वास ठेवून तिने सगळं लिहिलं होतं: माहेर, खराडीतली नोकरी, लेकीची शाळा नावासकट, आणि 'शाळेसमोरच्याच इमारतीत राहते'.

त्याच्या खाली, दुसऱ्या एका नंबरवरून, एकच शब्द होता.

"वहिनी?"

तिच्याच नणंदेने तिला कधीकाळी माझे व्हिडिओ दाखवले होते, हे मला तिनेच सांगितलं होतं. ग्रुप आणि चॅनेल यांतला फरक मला त्या एका शब्दाने शिकवला.

मी तिचा मेसेज दाबून धरला, डिलीट केला. गेला. हुश्श करून गॅसवर चहा ठेवला.

"खराडीत शाळेसमोर म्हणजे आपल्या भाच्याच्या मागच्या गल्लीत की काय?" बाहेरून हे म्हणाले. ग्रुपमध्ये पहिलं नाव मी यांचंच घातलं होतं, चालतंय का बघायला. यांना प्रत्येक मेसेज अथपासून इतिपर्यंत वाचायची सवय.

"अहो, तुम्हाला अजून दिसतंय?"

"दिसतंय म्हणजे? चष्मा लावलाय मी."

मी तो फक्त माझ्या फोनवरून पुसला होता. आता माझ्याकडे पुसायला मेसेजच नव्हता आणि बाकी सगळ्यांकडे होता. तिला फोन लावला, नुसती रिंग. ऑफिसात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, संध्याकाळीच मिळतो, हेही तिने सांगितलेलं.

"मला अ‍ॅडमिन कर," हे म्हणाले. "टेकडीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपात मी रोज राजकारणाचे मेसेज पुसतो."

"कसं करायचं?"

"तू चॅनेलची मालकीण ना?"

"अहो, टोमणे नंतर मारा!" मी ओरडले. लग्न झाल्यापासून मी हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं असेल.

यांनी सांगितलं, मी दाबलं, हे अ‍ॅडमिन झाले आणि यांनी मेसेज सगळ्यांसाठी पुसला. त्यानंतर लगेच माझा फोन वाजला. तिची नणंद होती.

"काकू, मेसेज का काढला?"

"कुठला गं?"

"मी वाचलाय तो. दादा किती महिने शोधतोय पोरीला. बाप आहे तो."

"हे बघ, तू जरा शांतपणे..."

"त्याला कळवलंय मी. स्वारगेटहून निघालासुद्धा."

आम्ही घरातल्या कपड्यांवर निघालो. हे लेंग्यात, मी गाऊनवर ओढणी घेऊन. रिक्षावाल्याला मी म्हणाले, "जेवढ्या लवकर नेता येईल तेवढ्या लवकर न्या." तो म्हणाला, "आजी, रस्ता माझ्या मालकीचा नाही." एरवी या उत्तरावर मी त्याला शाबासकी दिली असती. प्रत्येक सिग्नलला शेजारी मोटरसायकल थांबली की मी त्या माणसाचं तोंड बघायचे. नवऱ्याचा फोटोही मी कधी पाहिला नव्हता. शाळेचं नाव मला आठवत नव्हतं, मी तर मेसेज पुसून बसले होते. यांना आठवत होतं. यांच्या त्या सवयीवर मी आयुष्यभर खेकसले होते.

शाळेच्या फाटकावर वॉचमन. शाळा सुटायला थोडाच वेळ होता, एकदोन आया आधीच उभ्या होत्या. मी मुलीचं नाव सांगितलं.

"पहिलीतली मुलगी आहे. तिला आईशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. आईच्या ऑफिसात फोन लावायला सांगा, आत्ता!"

"तुम्ही कोण तिच्या?"

मी कोण तिची? "ती माझी फॉलोअर आहे," मी म्हणाले.

"काय आहे?"

"अहो, जीव धोक्यात आहे पोरीचा," हे मधेच म्हणाले, आणि यांचा आवाज फाटला. तो आवाज ऐकून वॉचमन आत पळाला. ऑफिसमधल्या बाईंनी मुलीच्या फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. कंपनीचा होता, तिला बोलावून घेतलं.

ती गळ्यातल्या ओळखपत्रासकट धावत आली. मी तिला प्रथमच पाहत होते. व्हिडिओत पाहिलेला माझा चेहरा तिने लगेच ओळखला आणि क्षणभर हसली. मग मी सांगितलं. तिचं हसू कसं गेलं ते मी लिहू शकत नाही. ती तडक वळली. आत गेली, लेकीला घेतलं, आणि मागच्या दाराने दोघी गेल्या.

आम्ही फाटकापाशीच उभे राहिलो. घंटा झाली, पोरं बाहेर आली, गर्दी झाली. त्या गर्दीत एका माणसाने मोटरसायकल लावली आणि वॉचमनला लेकीचं नाव सांगितलं. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊची पुडी. पुण्यात कुणाला न घाबरलेली माझी जीभ टाळूला चिकटली.

"आईने नेलं," वॉचमन म्हणाला.

"कधी?"

"मला काय माहीत? एवढी पोरं आहेत."

तो बराच वेळ समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत उभा राहिला. आमच्याकडेही त्याने एकदा बघितलं. लेंग्यातला म्हातारा आणि गाऊनवर ओढणी घेतलेली म्हातारी, आमचं त्याला काय पडलेलं! मग तो इमारतीत शिरला. खाली आला तेव्हा खाऊची पुडी हातात नव्हती.

ती त्या घरी परत गेली नाही. सामान नंतर कुणा मैत्रिणीने हलवलं. मी ग्रुपमधून एकेकीला बाहेर काढलं, अगदी शेवटी यांनासुद्धा. मुलगा आल्यावर त्याने खरं चॅनेल काढून दिलं. मी शेजारी हाताची घडी घालून बसले आणि एकदाही मधे बोलले नाही.

पुढे थंडी पडली, आणि एके दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखला आणि मी रडायलाच लागले. माफी मागायला मनात घोटून ठेवलेलं एकही वाक्य मला बोलता येईना. तिने माझं रडणं ऐकून घेतलं, मग म्हणाली,

"काकू, रडू नका. गळ्याचे टाके कसे बंद करायचे तो व्हिडिओ तेवढा टाका, पोरगी कुडकुडतेय. आणि आता कुठे राहतेस, ते विचारू नका हं. तुम्ही विचारलंत की माणूस सांगून बसतं."