मखमलीची गवसणी

माझ्या मावशीला सगळी वस्ती भोंगामावशी म्हणते आणि मावशी दर वेळी भडकते. भोंगा नाही, पॉवर्ड स्पीकर, ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो तो, असं ती भेटेल त्याला समजावते. लोक मान डोलावतात आणि निघताना ‘येतो भोंगामावशी’ म्हणतात. कार्यक्रमांना भाड्याने द्यायला तिच्याकडे असे दोन स्पीकर आहेत आणि त्यांच्यावर तिचा जितका जीव आहे तितका माझ्यावरही नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगते.

तिचे नियम ऐकून ऐकून मला पाठ झालेत. माईकचे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर आधी चालू करायचा, स्पीकर सगळ्यात शेवटी; बंद करताना मात्र स्पीकर आधी. उलटं केलं की जो ‘धप्प’ आवाज येतो, तो ऐकून ती छातीवर हात ठेवते. वायर धरून प्लग ओढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. अर्थिंगची पिन तोडून प्लग बसवू पाहणाऱ्या एका हॉलच्या मॅनेजरला तिने असं काही झापलं की तो बिचारा अजून तिला बघून रस्ता बदलतो. धूळ झाडायची ती कोरड्या ब्रशने. आणि कार्यक्रमात दर थोड्या वेळाने स्पीकरच्या पाठीवर तळहात. तिथे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. पोराचा ताप बघावा तशी ती स्पीकरचा ताप बघते.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. पुढच्या खोलीत अर्ध्या भागात त्यांचं शिलाई मशीन आणि अर्ध्या भागात मावशीचे स्पीकर, असा संसार. काका बोलतात कमी. प्रेम करायचं झालं तरी ते शिवूनच करतात.

आता माझ्या आईचं. आई गायची, आणि खणखणीत गायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली बसला. सूर पक्का राहिला, पण समोरच्या खुर्चीपलीकडे तो पोचेना. एकदा लग्नघरात गायला बसली, मागून कुणीतरी हसलं, तेव्हापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला गाशील का, असं मावशीने तिला विचारलं तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. आई म्हणाली, “शेवटच्या रांगेला ऐकू गेलं तर गाईन. नाही गेलं, तर पुन्हा मला कधी विचारू नकोस.”

झालं. आमच्या घरात जणू लग्नच निघालं. मावशीने स्पीकर खोलून झाडले, वायरी एकेक तपासल्या. काकांनी कुणाला न सांगता दोन्ही स्पीकरना नवीन गवसण्या शिवल्या: तांबडी मखमल, आत जाड अस्तर, समोर आवाजासाठी बारीक जाळी, मागे चेन. कार्यक्रमातही काढायला नको, असा त्यांचा विचार. इतक्या देखण्या गवसण्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एरवी स्पीकरवर कुणी रुमाल टाकला तरी आकाशपाताळ एक करणारी मावशी त्या मखमलीवरून हात फिरवत राहिली आणि तिने स्वतःच त्या स्पीकरवर चढवल्या. नवऱ्याने इतक्या वर्षांत तिच्या धंद्यासाठी शिवलेली ती पहिली वस्तू होती.

वाचनालयाच्या आवारात दुपारपासून ऊन. मुलांची नाचाची गाणी झाली, तीही दणक्यात. मावशी मधून मधून स्पीकरच्या पाठीवर हात ठेवत होती आणि तिला गार लागत होतं. लागणारच की! हात जाड अस्तरावर होता आणि ताप आत होता.

आई माईकसमोर उभी राहिली. पहिली ओळ गायली आणि आवाज थेट कुंपणाच्या गेटपर्यंत गेला. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. दुसऱ्या ओळीला उजवा स्पीकर गप्प झाला. मग डावाही. आईचे ओठ हलत राहिले. मागून आरडाओरडा सुरू झाला, आवाज वाढवा, आवाज वाढवा. आईने माईक सोडला आणि ती पायऱ्यांकडे वळली.

मावशी मिक्सरकडे गेली आणि तिने सगळे आवाज खाली घेऊन बोर्डावरून स्पीकर बंद केले. मग तिने मखमलीच्या आत बोटं घातली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. तेवढ्यात तिला सगळं कळलं. फार तापल्यावर स्पीकरने स्वतःला वाचवायला आपोआप तोंड बंद केलं होतं. ती स्टेजवर चढून आईच्या आडवी उभी राहिली.

“ताई, तुझं काही चुकलं नाही. स्पीकर तापलाय, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत तापलाय. तू इथून हलायचं नाहीस.”

गवसणीची चेन अडकली होती. काका धावत आले. खिशातली कात्री काढली आणि स्वतःच्या हाताने शिवलेली ती मखमल त्यांनी पाठीमागून चरचर कापून काढली. एक, मग दुसरी. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, कारण कापतानाही ते सरळ रेषेत कापत होते. वाचनालयातला टेबलफॅन मी ओढत आणला आणि स्पीकरच्या पाठीशी लावला. लोकांना मी सांगितलं की निवायला वेळ लागेल, तोवर कुणी आवाज वाढवा म्हणालं तर गाठ माझ्याशी आहे. कुणी म्हणालं नाही. आई स्टेजच्या पायरीवर बसून राहिली. मावशीचा हात आता उघड्या धातूवर होता.

बऱ्याच वेळाने तिने मान डोलावली. स्पीकर चालू केले. धप्प झालं नाही. मग तिने आईला माईक ओठांच्या अगदी जवळ घ्यायला सांगितलं आणि आवाज हळूहळू वर आणला.

आई पुन्हा पहिल्या ओळीपासून गायली. तिचा तो नवा, खाली बसलेला आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता, आणि मी आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिले. गाणं संपलं तेव्हा आईने टाळ्यांकडे लक्षच दिलं नाही. ती शेवटच्या रांगेकडे बघत होती. तिथे काका उभे होते, कापलेली मखमल काखेत घेऊन.

“मास्तर, ऐकू आलं?” आईने माईकवरूनच विचारलं.

काकांनी मखमलीनेच डोळे पुसले. आईने ते पाहिलं, मग ती मावशीकडे वळली आणि म्हणाली, “बंद करू नकोस. आणखी एक गाते.”