बॅनरवर नसलेला मामा

दिग्रसमध्ये कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणी वर गेलेला असो, चौकात बॅनर चढवायला देवरावच लागतो. शिडी, बांबू, सुतळी आणि देवराव. अमरच्या दुकानात छापायचं आणि देवरावनं बांधायचं, ही रीत जुनी. फोटोवरून होणारी भांडणं त्याच्याइतकी कुणी पाहिली नसतील. ह्याचा फोटो खाली का, त्याचा लहान का, अमक्याचा नाहीच का! एका बॅनरपायी सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले त्यानं पाहिले होते. आणि ह्याच शहाण्यानं स्वतःच्या पोरीच्या बॅनरवर आपल्या साळ्याचा फोटो टाकला नाही. आता बोला!

पोरगी म्हणजे उर्वशी. नागपुरात बायोमेडिकल इंजिनिअर झालेली. तिचा थोरला भाऊ रोशन सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारानं गेला, तेव्हा ती शाळेत होती. त्या दिवसापासून पोरीनं एकच ध्यास घेतला: बोटातल्या एका थेंबावरून सिकलसेल आहे की नाही ते सांगणारी, गावोगाव नेता येईल अशी स्वस्त मशीन करायची. पुढचं शिकायला विलायतेतल्या विद्यापीठानं तिला घेतलं आणि खर्चासाठी एका ट्रस्टनं शिष्यवृत्ती मंजूर केली. पत्र आलं त्या दिवशी तिच्या मायनं, इंदूबाईनं, साऱ्या गल्लीत पेढे वाटले. देवराव तडक अमरच्या दुकानात गेला. हयातभर दुसऱ्यांची पोरं चौकात टांगली, आता आपली टांगायची होती.

खाली शुभेच्छुकांची रांग लागली. मंडळाचे कार्यकर्ते, ओळखीचे मास्तर, निवडणुकीला उभं राहायची हौस असलेले दोघं. अमरनं विचारलं, "मामाचा फोटो नाई टाकत?"

"घरचाच मानूस हाय," देवराव म्हणाला. "घरच्याले कायले शुभेच्छुक करतं?"

बॅनर चढलं. उर्वशी त्यात हसत होती, मागे विमान होतं.

मग तिनं पत्र शेवटपर्यंत वाचलं. शिक्षण संपलं की देशात परत यायचं, नाहीतर सगळा पैसा भरून द्यायचा, आणि त्याची हमी म्हणून नोकरीवाला किंवा पेन्शनवाला जामीनदार द्यायचा. त्याच्या सहीशिवाय रुपया सुटणार नव्हता. सोयऱ्याधायऱ्यांत पेन्शनवाला माणूस एकच, इंदूबाईचा मोठा भाऊ वामनराव. बोरी अरबला राहणारे, रिटायर हेडमास्तर. इंदूबाईनं फोन लावला.

"बॅनरवर तर मी कोठी दिसलो नाई," पलीकडून आवाज आला. "सहीले बरा आठवलो!" फोन कट.

इंदूबाईनं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "साऱ्या दिग्रसचे थोबाडं लावले तुमी. माहा भाऊच दिसला नाई?"

दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात ते हेच, आणि इथं तर कर्मही आपलंच, आपल्याच हातानं सुतळीनं आवळून बांधलेलं. देवराव जामिनासाठी नोकरीवाल्या शुभेच्छुकांच्या दारोदार फिरला. एकाची बायको नको म्हणाली, एकाचं स्वतःचंच घराचं कर्ज निघालं, तिसरा घरात असून बाहेरगावी गेला. फोटोत सगळे हात जोडून उभे होते. सही म्हटली की सगळ्यांचे हात खिशात. आणि रस्त्यानं जाणारा येणारा थांबवून म्हणायचा, "काय देवरावभाऊ, कवा उडते मग पोरगी?" त्याला वाटायचं, बॅनरच्या शिडीवरूनच खाली उडी घ्यावी.

कागद भरायची मुदत संपायला एकच दिवस उरला. सकाळीच देवरावनं अमरकडून नवीन बॅनर करून घेतलं. उर्वशीचा फोटो छोटा, मामाचा हा एवढा मोठा. खाली लिहिलं, 'आमचे मार्गदर्शक'. ते गुंडाळून काखेत मारलं, उर्वशीला सोबत घेतलं आणि बापलेक एसटीनं निघाले. दारव्ह्याला गाडी बदलली.

"बाबा, हे बॅनर नका लावू. मामाले राग येईन," उर्वशी म्हणाली.

"तू गप राय. मले समजते हे काम."

बोरी अरबला वामनरावांच्या दारासमोर कडुनिंब आहे. देवरावनं कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही; पन्नाशी उलटलेला माणूस चपला काढून झाडावर चढला आणि बॅनर बांधू लागला. गल्लीतली माणसं गोळा झाली. आवाज ऐकून वामनराव बाहेर आले आणि स्वतःचंच तोंड झाडावर पाहून जागीच थांबले.

"जवाईबुवा, उतरा खाली! लोकं हासून राह्यले!"

"चुकलो गुरुजी. जयभीम. चुकलो मी," देवराव फांदीवरूनच म्हणाला. बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

वामनरावांनी दोघांना घरात घेतलं. स्वतः पाणी दिलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत होते.

"फोटोचं काही नाई जी," वामनराव म्हणाले. "फोनवर दुसरं काही सुचलं नाई म्हून तसं बोललो. माहा पोरगा रवी पुन्याले गेला. मीच पाठवला. त्याची माय गेली तवा आलता, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला अन् लगेच माघारी. आता फोनबी उचलत नाई. पुन्याहून पोट्टा येत नाई, अन् तुमची पोरगी विलायतेहून येईन? नाई आली त मी काय इकू? हे घर?"

"मामा, मी येईन ना," उर्वशी म्हणाली.

"तू थांब. तुह्या बापाले इचारतो." त्यांनी भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बोट केलं. "जवाईबुवा, याच्यासमोर सांगा, पोरगी परत येईन. तुमी सांगा, मी आत्ता सही करतो." आणि खरंच त्यांनी खिशातला पेन काढून टोपण उघडलं, उर्वशीनं दिलेला कागद पुढं ओढला.

एवढंच तर बोलायचं होतं. येईन म्हणायचं, की झालं! देवरावनं तोंड उघडलं. तसबिरीकडं पाहिलं. त्याच्या पोटात वर्षानुवर्षं साचलेलं होतं ते त्याला न विचारताच वर आलं.

"कायले येईन ते परत?" तो ओरडला. "काय हाय इथं? रोशनले काय झालं हे समजाले वर्सं गेले आमचे! पोरगं कन्हत कन्हत गेलं. एक त सुटू द्या गुरुजी. एक त जाऊ द्या. नको येऊ दे तिले!"

आपण काय बोललो हे देवरावला ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता.

"नाई, म्हंजे... येईन ना ते, येईन," तो गडबडीनं म्हणाला. "गुरुजी, मी आपला असाच..."

वामनरावांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचे डोळे भरले होते, तरी लावलंच. "तुमी खोटं नाई बोलले, जवाईबुवा. मले त्याचा राग नाई. पन मी आता सही नाई करू शकत."

"मामा, मी खरंच येनार हाय हो!" उर्वशी रडत म्हणाली.

"सहीसाठी कोनीबी म्हनते, बाई," मामा हळूच म्हणाले आणि आत गेले.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. दारव्हा मागं पडलं. शेवटी देवरावलाच राहवेना.

"सहीसाठीच म्हनलं ना तू तसं? परत येनार म्हून?"

उर्वशीनं खिडकीतून तोंड वळवलं. "बाबा, तिकडल्या लोकाईले सिकलसेलची गावोगाव न्यायची मशीन काय करायची? मी कोनासाठी बनवून राह्यली ते? मी येनारच होते."

देवरावनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. जिला सोडवायला तो निघाला होता तिला सुटायचंच नव्हतं, आणि हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

गाडी दिग्रसच्या स्टँडला लागली. पुढं चौकात उर्वशी अजून विमानापुढं हसत होती. देवराव पोरीला म्हणाला, "तू घरी जाय, मायले सांग." मग तो अमरच्या दुकानात गेला आणि बॅनर उतरवायला शिडी मागितली.