ओयजमाल ओपांच्या घशातली गोळी

मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात नवी सून आली की चहा कसा ओतायचा ते तिला ओयजमाल ओपा, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, शिकवतात. पियाल्यात चहा दोन घोटांपुरताच. पाहुण्याने पुन्हा मागावा, आपण पुन्हा उठून द्यावा, यातच त्याचा मान. काठोकाठ भरलेला पियाला पुढे आला, की पाहुण्याने समजावं, आता निघा. एका सुनेने नकळत मामेसासऱ्यांना तसा दिला, तर ते नानचा तुकडाही न मोडता चालते झाले होते.

ओपांचा नवरा कायम ट्रकवर. तंदुरात नान लावून लावून त्यांनी पोरं वाढवली. कोपरापर्यंत हात भाजलेले, पण आवाज असा खणखणीत, की बायकांच्या बैठकीत दुआ त्यांनीच मागायची.

यंदा त्यांचा रक्तदाब वाढला आणि रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. ती घशातच अडकू लागली. “इथे,” म्हणून त्या गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवायच्या. दुपारी जेवल्या तरी ती तिथेच. त्यांची थोरली बहीण घशातल्या गाठीने गेली होती. त्या आजाराचं नाव कुणी काढत नव्हतं, पण ओपांच्या मनात तेच होतं. शेवटी त्यांनी गोळी सोडली. मग डोकं ठणकायला लागलं आणि एकदा तंदुरापाशीच भोवळ आली. जवळ सून नोदिरा होती म्हणून बरं, नाहीतर तोंडावरच पडल्या असत्या.

फरगान्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन, नळी घालून घसा तपासला. साफ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी केव्हाच पोटात गेलेली असते. जाताना घसा खरवडते, ती जाणीव तेवढी मागे राहते. पेलाभर पाण्याबरोबर घ्या, आणि घेतल्या घेतल्या आडव्या होऊ नका. ओपांनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, सकाळच्या पारी नुसतं पाणी गाई पितात. त्यामुळे पुन्हा तेच. नोदिरा वाकून सलाम करणार, अदबीने दोन घोट चहा देणार, ओपा गोळी गिळून उशीला टेकणार, आणि गोळी घशाशी. परवापासून त्यांनी परत ती तोंडातही घेतली नव्हती.

काल नोदिरा शेजारी माझ्याकडे येऊन रडली. भरून द्यायला हात धजत नाही म्हणाली. मी म्हटलं, अल्लाह नियत बघतो बाळ, पियाल्याचा काठ बघत नाही.

“ओयी काठच बघतात ना, मावशी,” ती म्हणाली. सासूला ती ओयी, म्हणजे आई म्हणते.

मी सकाळी येऊन बसते, एवढंच कबूल केलं.

आज पहाटेची फज्रची नमाज आटोपून गेले. ओपा अंगणात, तुतीखालच्या चौथऱ्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नोदिराने सलाम केला आणि उकळून कोमट केलेल्या पाण्याचा पियाला पुढे धरला. इतका भरलेला, की तिची बोटं भिजली. दुसऱ्या हातात गोळी.

ओपांनी पियाल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“माझ्याच घरातून मला निघायला सांगतेस?”

नोदिराचा चेहरा पांढराफटक पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच हळू आवाजात बोलली.

“तुम्हाला नाही, ओयी. गोळीला सांगते. आली, मान घेतला, आता घशात मुक्काम कशाला?”

ओपांचे खांदे हलायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. हिला जीभ आहे हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, असं मला म्हणाल्या. मग बिस्मिल्ला म्हणून गोळी जिभेवर ठेवली आणि पियाला सावकाश, तळ दिसेपर्यंत रिकामा केला. उशीकडे कलल्या, तशी नोदिराने उशीच उचलून नेली. ओपा ताठ बसून राहिल्या. हात गळ्यावर.

“गेली का, ओपा?” मी विचारलं.

“दारात आहे. चपला घालतेय,” त्या म्हणाल्या आणि रिकामा पियाला सुनेपुढे धरला. “आण आणखी. हाही भरून.”