पेंढ्याच्या जेलीचे उपद्व्याप

प्रयोग जमला की त्यावर शोधनिबंध लिहितात, फसला की त्याचा किस्सा होतो. आमच्याकडे निबंध एकच, तोही अर्धा. किस्से मात्र कपाटभर!

मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. शहापूरच्या एका कॉलेजने मागची खोली मला वापरायला दिली आहे. तिथे मी आणि मुरबाडहून येणाऱ्या वैशाली मॅडम भाताच्या पेंढ्यातलं सेल्युलोज काढून पाणीदार जेलीत मिसळतो. ही जेली कापली आणि तुकडे टेकवून ठेवले की आपोआप सांधते. म्हणजे, सांधायला हवी. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सभेत ते दाखवता आलं नाही तर खोली जिमला जाणार होती. माझी झोप आधीच गेली होती.

*

पेंढा आणायला किन्हवलीला गेलो. शेताच्या मालकीणबाई ताराकाकू म्हणाल्या, "गुरं किती सर तुमची?"

"एकही नाही."

"मग पेंडा कशाला?"

मी सांधणारी जेली, तिची जखमेवर लावायची पट्टी, सगळं समजावलं. समजावता समजावता मलाच शंका यायला लागली.

काकूंनी आत हाक मारली, "गो सूनबाय, सरांना आदी पाणी दे. उन्हातून आलेत!"

*

घरी पत्नीला सांगितलं, "आमची जेली तुटली तरी कुणी काही न करता पुन्हा जुळते."

ती भाजी निवडत म्हणाली, "आपली भांडणंही तशीच मिटतात, असं वाटतं ना तुम्हाला?"

मीही एक जुडी ओढून निवडायला बसलो.

*

सांधायला जेलीला निवांतपणा लागतो. मी दर थोड्या वेळाने ओढून बघायचो, सांधली का! अर्थात सुटायची. मग पुन्हा टेकवायचो, पुन्हा काळजी करायचो.

शेवटी मॅडमनी जेलीची डबी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "सर, खपली काढायची सवय लहानपणापासून आहे का?"

"हो."

"वाटलंच!"

डबी एस्टीने मुरबाडला गेली आणि दुसऱ्या दिवशी जेली सांधून परत आली!

*

मग पेंढा कमी, मध्यम आणि जास्त असे वेगवेगळे नमुने केले. कोणता चांगला सांधतो ते बघायचं होतं. भांडी कमी पडली म्हणून सगळे एकाच डबीत ठेवले. मीच ठेवले.

सकाळी मॅडम डबीत डोकावल्या. "सर, चांगली बातमी. सगळेच नमुने छान सांधतात."

"काय सांगता!"

"एकमेकांना!"

*

सभेचा दिवस आला. संस्थेचे अध्यक्ष आप्पा आणि सेक्रेटरी भाऊ हे चुलतभाऊ. संस्थेच्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. शेजारी बसून शिपायामार्फत निरोप धाडतात.

सांधा दिसावा म्हणून मॅडमनी अर्धी जेली लाल केली होती, अर्धी निळी. तुकडे टेकवून ठेवले. चहा झाला, भजी झाली. मी प्रस्तावनेतच सांगून टाकलं, "जमेलच असं नाही." मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"आता ओढून बघा," त्या म्हणाल्या.

निळं टोक आप्पांनी धरलं, लाल भाऊंनी. आधी दोघं बोटांनी ओढत होते. मग भाऊ उभे राहिले. आप्पांनी चष्मा काढून ठेवला. जेली ताणत ताणत टेबलभर झाली, पण सांधा काही हलेना.

आणि फटकन तुटली! निळ्या भागात. सांधा जसाच्या तसा भाऊंच्या बाजूला.

"तुटली! खोली जिमला!" आप्पा ओरडले.

"तुज्या हातात तुटली रे! जोड शाबूत हाय, बघ नीट!" भाऊ थेट त्यांच्या तोंडावर.

शिपाई दोघांकडे आळीपाळीने बघत उभा.

आप्पांनी आपला निळा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"सर, खोली ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. दुसरी जेली करा. आनि या टायमाला लाल टोक मी धरनार!"