कातरबाईचे केस

कातरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्टांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसायची. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचे आणि खोट दिसली की शर्ट बाजूला टाकायचा, हे तिचं काम. तिथे दयामाया नाही. मशीनवरच्या बायका गयावया करायच्या, "एवढं चालवून घ्या ना हो." ही मान वर न करता म्हणायची, "चालवून घ्यायला मी काय तुमची आई आहे? उसवा."

आणि हीच बाई सध्या रोज आरशासमोर उभी राहून स्वतःचे जळके केस चालवून घेत होती.

झालं असं की, एका सुट्टीच्या दिवशी तिने केसांना रंग लावला. भलताच जहाल रंग. अर्ध्या तासात धुवा, असं पाकिटावर बजावलेलं होतं. तेवढ्यात भाचीचा फोन आला. भाची म्हणजे तिच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. हिनेच लहानाची मोठी केली, आणि लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली. एरवी तिचा फोन म्हणजे "बरी आहेस ना? जेवलीस ना? ठेवते." त्या दिवशी मात्र पोर रडत होती. नवऱ्याशी बिनसलं होतं, आणि कित्येक महिन्यांनी ती मावशीजवळ मन मोकळं करत होती.

डोकं आधी चुरचुरलं, मग चांगलंच भाजायला लागलं. "थांब जरा, डोकं धुऊन येते," एवढंच म्हणायचं होतं. पण एकदा फोन ठेवला की ती पुन्हा करेल याची खात्री काय? कातरबाई ओठ दाबून बसून राहिली. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याशी बोलून बरं वाटलं गं." त्या आनंदात बाई न्हाणीघरात गेली. डोक्यावर पाणी ओतलं तर हातात केसांचे पुंजकेच आले.

कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने एक बट धरून हलकेच ओढली. बट रबरासारखी ताणली गेली आणि तुटली.

"काकू, एक तर मानेपर्यंत कापून मोकळ्या व्हा. नाहीतर दर महिन्याला थोडे थोडे छाटू, तेल-लेप करू, आणि वरून नवे केस येईपर्यंत धीर धरा. वर्ष तरी जाईल. तोवर केस असेच केरसुणीसारखे राहणार."

"हळूहळूच करू."

"अहो, पण कापलेत तर आजच सुटाल."

आता हिला सांगणार काय, कपाळ? कापले की भाची विचारणार. खरं सांगितलं तर पोरीच्या मनाला लागणार, आणि पुढच्या वेळी रडू आलं तरी ती दहादा विचार करून फोन करायचं टाळणार. केस गेले खड्ड्यात, पण तो फोन बंद पडता कामा नये.

म्हणून मग लेप सुरू झाले. व्हिडिओ कॉल आला की डोक्याला रुमाल, आणि "आत्ताच न्हायले गं" ही ठरलेली थाप. भाचीनेही कधी खोदून विचारलं नाही. केस मात्र उशीवर, ताटात, जिथे तिथे गळतच राहिले.

एक दिवस साहेबांनी तिच्या टेबलावर एक पांढरा शर्ट आणून ठेवला. गिऱ्हाइकाकडून परत आलेला. काजात तांबूस, जळका केस अडकला होता. साहेबांनी बोटाने तो दाखवला आणि ते निघून गेले. आजवर तिच्या हातून गेलेला एकही शर्ट परत आला नव्हता. समोरच्या बायका खाली मान घालून मशीन चालवत होत्या. सुटल्यावर ती तडक पार्लरमध्ये गेली आणि म्हणाली, "काप."

मग तिने उत्तराची तयारी केली. "उकडतं गं फार, म्हणून कापले." चहा गाळताना, रस्त्याने चालताना ती ते घोकत होती. थोडं हसून म्हणायचं, नेटाने म्हणायचं, असं सगळं ठरलं.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल आला.

"अय्या मावशी, केस कापलेस? मस्त दिसतेस."

"अगं, काय झालं, उकड..."

"ऐक ना, आम्ही बाहेर निघालोय, हा खाली गाडीत थांबलाय. आणि हो, आमचं मिटलं बरं का, कधीच. निवांत बोलू हं नंतर."

पडद्यावरचा चेहरा गेला. पोरीचा संसार सावरला, याचं कातरबाईला बरंच वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ, पुन्हा एकदा त्यांचं बिनसावं, असंही क्षणभर वाटून गेलं. त्याची तिला इतकी लाज वाटली, की घरात दुसरं कुणी नसतानाही तिने पदराने तोंड झाकून घेतलं.