ऑर्डरप्रमाणे बाळ मिळणार नाही

घाटकोपरच्या एका जेनेटिक क्लिनिकमध्ये मी काउन्सेलर आहे. घरातला आजार मुलांमध्ये उतरेल का, हे लोकांना समजावायचं, हे माझं काम. किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, फाइल उघडली की ते आपणहून समोरच्या खुर्चीत येऊन बसतात!

* * *

मुलुंडचा एक नवरा यादीच घेऊन आला. "उंची सहा फूट, चष्मा नको, गणित पक्कं."

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "असं ऑर्डरप्रमाणे बाळ मिळत नाही, आणि कायद्यातही बसत नाही."

बायको पटकन म्हणाली, "बरंच आहे! याच्या आईने यादी केली असती ना, तर याचा नंबरच लागला नसता!"

* * *

एका जोडप्याला लग्नाआधी रक्ताचे रिपोर्ट आणायला सांगितले होते. मुलीची आई पत्रिका घेऊन आली! छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले म्हणून आम्हाला पेढेही दिले. पेढे आम्ही खाल्ले आणि दोघांना रक्त द्यायला पाठवलं.

* * *

मरोळचे एक मालवणी आजोबा सुनेसोबत आले होते. जन्माआधीच बाळाचे जीन बदलण्याबद्दल मॅडम समजावत होत्या. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गो बाय, ज्याका बदलतलात, तेका इचारल्यात काय?"

एवढ्याशा प्रश्नासाठी मोठमोठ्या कमिट्या बसतात, यार! मॅडमनी त्यांना आणखी एक चहा मागवला.

* * *

आणि ही तन्वी. वय वर्षं दहा, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तिच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. आईबाबा दोघंही या आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः ठणठणीत, पण बाळाला आजार होण्याची भीती चारात एक.

बाबांनी हातच जोडले. "मॅडम, ते जीन दुरुस्त करतात म्हणे. पोटातच करून टाका ना!"

"एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलं, तर ते नातवंडांपर्यंत जाईल," मॅडम म्हणाल्या. "तो धोका नको. आधी नुसतं तपासू."

तेवढ्यात तन्वी म्हणाली, "आई, माझ्या वेळी तपासलं असतं, तर मी आले असते का गं?"

आईने तिला जवळ ओढलं.

"तेव्हा काय केलं असतं, मला नाही माहीत, राणी. पण आज कोणी तुला बदलून द्यायला आलं ना, तर तंगडं मोडीन त्याचं!"

पुढचे दहा दिवस त्यांच्यासारखीच मीही रिपोर्टची वाट बघत होते. आला! बाळ आईबाबांसारखं नुसतं वाहक, आजार नाही. बाबा ढसाढसा रडले, मलाही आवरेना.

फाइलमध्ये आम्ही घराण्याचा तक्ता काढतो. आजार असेल तर त्या माणसाची खूण पूर्ण रंगवायची, वाहक असेल तर अर्धी. मी बाळाची अर्धी रंगवली. तन्वीने तक्ता ओढून घेतला, एकेकावर बोट ठेवून नीट पाहिला आणि खदखदून हसली.

"आई, बाबा, बाळ, सगळे अर्धे! घरात पूर्ण मी एकटीच!"